बाहेरगावी जाणाऱ्यांची यादी

५ जानेवारी, सोमवार. संध्याकाळ.

पोलिसांचा रेझिंग डे, म्हणजे स्थापना दिनाचा सप्ताह चालू आहे. त्यानिमित्त चौकीतल्या हवालदार रेश्माबाई आज आमच्या गुलमोहर हाइट्समध्ये आल्या. तीन मजली इमारतीला हाइट्स म्हणणाऱ्या बिल्डरपासून कारवाई सुरू करायला हरकत नव्हती. असो.

पार्किंगमध्ये सभा. फ्लॅट चोवीस, माणसं अकरा, त्यातली चार चहासाठी. रेश्माबाई छान बोलल्या. पोलीस आणि सोसायटी मिळून काम करतील तर चोऱ्या आधीच थांबतील. भाडेकरू, कामवाल्या, वॉचमन यांची माहिती चौकीत द्या. बाहेरगावी जाताना आम्हाला कळवा, गस्तीवरचे लोक घरावर नजर ठेवतील. आणि सोसायटीतर्फे एक जबाबदार माणूस नेमा.

मग विचारलं, कोण होतंय? सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. चेअरमन सर्जेराव म्हणाले, आमी झालो आस्तो, पन माळेगावला आमचा ऊस तोडीला आलाय. मी इथं राहायला आल्यापासून सर्जेरावांचा ऊस तोडीलाच आलेला आहे.

मी हात वर केला.

यात माझा काडीचा स्वार्थ नाही. आरिफच्या अटीचा याच्याशी संबंध नाही. ती अट एकदा लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. नोव्हेंबरात दुसऱ्या मजल्यावर घरफोडी झाली. तेव्हापासून माझ्या पुण्यातल्या मुलाला माझी काळजी वाटू लागली. त्याचे अब्बा गेल्यावर सात वर्षं मी एकटी राहते, तेव्हा वाटली नव्हती. म्हणाला, अम्मी, फ्लॅट विकू, वाकडला आमच्याकडे या. महिनाभर भांडून तह झाला. ईदपर्यंत सोसायटीत एकही चोरी झाली नाही तर मी इथंच राहायचं. एक जरी झाली तर बॅगा भरायच्या.

ईद मार्चच्या एकवीसला. पंच्याहत्तर दिवस. इंदापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी चौदा ऑपरेटर बायका एका जागी बसवून दाखवल्या आहेत. चोवीस फ्लॅट काय चीज आहेत!

६ जानेवारी.

खरेदी : शिट्टी, टॉर्च, दोन फुलस्केप रजिस्टरं, लाल पेन.

संकल्प : रोज पहाटे साडेपाचला इमारतीला दोन फेऱ्या. कुणावरही आवाज चढवायचा नाही. पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲग्नेस आवाज न चढवता दोनशे मुलींना शिस्त लावायच्या. त्यांच्या हातात पट्टी असायची हे खरं.

माझं पद काय, ते रेश्माबाईंनी सांगितलं नाही. 'मुख्य सुरक्षा समन्वयक' असं ठरवलं. मुख्य अशासाठी, की पुढे उप लागतील.

७ जानेवारी. सकाळी ८.

जाग आली नाही. फेऱ्या उद्यापासून. एवढ्या थंडीत चोरही येत नसणार.

११ जानेवारी, रविवार.

गेटवर रजिस्टर ठेवून आठवडा होत आला. आज तपासलं. वॉचमन म्हस्कू मूळचा वरकुट्याचा, वय पासष्ट, चष्मा कायम घरी आणि तो कामावर. त्याला लिहायला जमत नाही म्हणून तो येणाऱ्यालाच लिहायला लावतो. नावाच्या रकान्यात 'पाव्हणं'. कामाच्या रकान्यात 'भेट'. सलग नऊ ओळी पाव्हणं आणि भेट. एकानं नावाच्या जागी नुसतं 'मी' लिहिलंय.

म्हस्कूला विचारलं, हा मी कोण? म्हणाला, मलाबी त्येच वाटलं बाईसाहेब, पन त्यांनी सही क्येलीय की.

आवाज चढवला नाही. थोडाच चढवला.

१६ जानेवारी.

कामवाल्यांची नोंदणी पूर्ण. खरं म्हणजे एकीचीच, पण सुरुवात कडक झाली. कौसल्या माझ्याकडे सहा वर्षं आहे, शिवाय आणखी आठ घरी. तिला जिन्यात भिंतीला लावून उभं केलं, हातात पाटी दिली, पाटीवर नाव आणि नंबर, एक फोटो समोरून, एक बाजूनं. पद्धत म्हणजे पद्धत.

तिनं पाटी माझ्या हातात परत दिली आणि भांडी अर्धी टाकून निघून गेली.

१९ जानेवारी.

तीन दिवस इमारतीत एकही कामवाली फिरकलेली नाही. सुरक्षेच्या दृष्टीनं हा उच्चांक आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांना ते समजत नाही. एकीनं जिन्यात मला ऐकू जाईल असं विचारलं, मुख्य समन्वयक धुणंपण धुतात का?

२० जानेवारी.

चेअरमन जाऊन कामवाल्यांना समजावून आले. उद्यापासून सगळ्या येणार. कौसल्या आठ घरी येणार. नवव्या घरी नाही. नववं माझं.

बरंच झालं. बाहेरचा माणूस घरात नको, हे आता मला कुणी शिकवायला नको. भांडी घासताना गुडघा दुखत नाही, उभं राहिल्यावर दुखतो.

पण आजचा मुख्य विषय वेगळा. बोर्ड तयार झाला!

बाहेरगावी जाताना चौकीला कळवायचं, असं रेश्माबाई म्हणाल्या होत्या. कळवणार कोण? इथले लोक चुलत सासऱ्याच्या दहाव्याला जातानासुद्धा शेजारी सांगत नाहीत. म्हणून मी पद्धत सुधारली. गेटवर पांढरा बोर्ड. वर ठळक अक्षरात 'बाहेरगावी जाणाऱ्यांची यादी'. चार रकाने : फ्लॅट नंबर, कुठे, कधीपासून कधीपर्यंत, चावी कुठे. चावी अशासाठी, की गॅस गळला किंवा नळ फुटला तर पोलिसांची अडचण नको. बोर्डाचं तोंड रस्त्याकडे. गस्तीवरच्या माणसाला मोटारसायकलवरून उतरायलाही नको. अक्षर माझं. लांबूनसुद्धा वाचता येतं.

म्हस्कू रस्ता ओलांडून बघून आला. मग म्हणाला, बाईसाहेब, हे तर समद्यास्नी दिसतंय. म्हटलं, त्यासाठीच लावलाय.

२२ जानेवारी. गणेश जयंती.

अर्धी इमारत मोरगावला. यादीत नऊ फ्लॅट, एकही रकाना रिकामा नाही. दिवसभर खुर्ची टाकून गेटवर बसले. रेश्माबाईंना बोर्ड दाखवायचा होता, पण त्याही मोरगावला बंदोबस्तात. एकही घटना नाही.

आरिफला मेसेज केला : एकूण घटना शून्य. त्यानं अंगठा पाठवला. आईच्या कर्तबगारीला अंगठा.

२६ जानेवारी. दुपारी २.

पकडला!

झेंडावंदन आटोपून वर येत होते. गॉगलवाला एक माणूस इमारतीचे फोटो काढत होता. पार्किंग, जिना, आणि माझी गॅलरी दोनदा. म्हस्कूला विचारत होता, म्हातारी एकटीच राहते ना? ती दुपारी झोपते का?

शिट्टी फुंकली. सर्जेराव धोतर सावरत आले. तिघांनी मिळून त्याला मीटरच्या खोलीत घालून कडी लावली. आतून ओरडत होता, मला आरिफभाईंनी पाठवलंय. माझ्या मुलाचं नावसुद्धा माहीत! टोळीची तयारी मोठी आहे. चौकीत फोन केला.

संध्याकाळी ६.

परेडच्या बंदोबस्तातून रेश्माबाई थेट मागच्या गेटनं आल्या. दार उघडलं. तो इरफान नावाचा एजंट निघाला. जागा विकून देतो. त्याला खरंच आरिफनं पाठवलं होतं.

रेश्माबाई गुलमोहराखाली जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. खांदे हलत होते. दमल्या असतील बिचाऱ्या. मग पुढच्या कॉलला तशाच मागच्या गेटनं गेल्या. बोर्ड दाखवायचा राहिला.

आरिफला फोन लावला. ईद अजून लांब आहे, तह मोडलास, म्हटलं. म्हणाला, नुसते फोटो अम्मी, तयारी असावी. माणूस गेल्यावर फोटो लावतात. इथं माणूस दुपारी झोपतं का ते विचारून फोटो.

२७ जानेवारी.

झोप नाही. या घरात मला अंधारात सगळं सापडतं. खिडकीतून कारखान्याच्या मळीचा वास येतो, तो मी आयुष्यभर नावं ठेवत हुंगला. वाकडला बारावा मजला. तिथं मी खाली उतरायचं म्हणजे सून रिकामी असायला हवी. मला कुणाच्या रिकाम्या वेळात जगायचं नाही.

संकल्प : ईदपर्यंत शून्य. काहीही झालं तरी शून्य.

८ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.

सर्जेरावांनी माळेगावच्या शेतात अख्ख्या इमारतीला हुरड्याचं आमंत्रण दिलंय. उसाच्या कडेला अर्धा एकर ज्वारी त्यांनी खास हुरड्यासाठी ठेवली आहे. यादीत सोळा फ्लॅट. मी जाणार नव्हते. ड्यूटी. पण सर्जेराव स्वतः दारात आले. म्हणाले, म्याडम, त्या एजंटाला कोंडल्यापास्नं तुमचं हसू न्हाय बघितलं. चला, चोरालाबी आज सुट्टी आसंल.

जाते. नियम सगळ्यांना सारखा, म्हणून स्वतःचं नाव सतरावं लिहिलं. फ्लॅट १०२. माळेगाव, हुरडा. १० ते ५. चावी : मीटरबॉक्सवर, उजवीकडे.

संध्याकाळी ६.

हुरडा उत्तम. दह्याबरोबर. सर्जेरावांच्या मंडळींनी दोनदा वाढला.

चावी मीटरबॉक्सवर उजवीकडेच होती. दार कुलूपबंद होतं. आत कपाट उघडं.

हुरड्याला जाताना हातातून काढून ठेवलेल्या माझ्या अम्मीच्या पाटल्या नाहीत. आरिफच्या अब्बांचं घड्याळ नाही. टॉर्चसुद्धा नेला. काम झाल्यावर कुलूप लावून चावी जिथल्या तिथं ठेवली. या इमारतीत इतका व्यवस्थित वागलेला हा पहिलाच माणूस.

संध्याकाळी ७.

खाली जाऊन रजिस्टर बघितलं. नाव : पाव्हणं. फ्लॅट : १०२. काम : भेट. आत १२.१०. बाहेर १२.४०.

म्हस्कू म्हणाला, तुमचंच कुनी आसंल म्हनून सोडलं, लय नम्र व्हता.

९ फेब्रुवारी.

बाकी सोळा घरांना धक्का नाही. का? सहज विचारतेय असं दाखवून सर्जेरावांना यादीतल्या चाव्यांचं विचारलं. ते हसले. म्हणाले, आवो म्याडम, तुमचं मन मोडू नये म्हनून समदे लिवत्यात. आमी पायपुसन्याखाली लिवलंय, चावी हाय आमच्या बंडीत. तिसऱ्या मजल्यावाल्यांची सासू घरातच व्हती. आपली चावी कुठं हाय ते खरं खरं कोन लिवून लावतंय व्हय?

सतरापैकी सोळा खोटारडे. अशा लोकांचं रक्षण करायला मी निघाले होते.

बोर्ड काढला. ऊन लागून अक्षर फिकं पडतंय, असं सांगितलं.

आता विचार. तक्रार दिली की चोरी. चोरी झाली की एक. एक झाली की वाकड. तक्रार नाही दिली तर वस्तू नुसत्या सापडत नाहीत. वस्तू सापडत नाही म्हणजे चोरी नव्हे. माझा चष्मा रोज सापडत नाही.

आरिफला मेसेज : एकूण घटना शून्य.

२० फेब्रुवारी. दुसरा रोजा.

रेश्माबाई आल्या होत्या. पलीकडच्या कॉलनीत दोन घरं फुटली. तुमच्याकडे काही? म्हटलं, शून्य. त्यांनी पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, मॅडम, तुमच्यासारखी दोन माणसं प्रत्येक सोसायटीत हवीत. वरिष्ठांना सांगते, आदर्श सोसायटी म्हणून तुमचं नाव देते.

रोजा असताना पोलिसाशी खोटं बोलले. याचं प्रायश्चित्त काय, ते विचारायला हवं. पण विचारायचं म्हणजे सांगायला हवं.

१ मार्च.

रिकाम्या मनगटाला सारखा हात जातो. अम्मीनं शेवटच्या आजारात त्या पाटल्या स्वतः साबण लावून काढल्या होत्या. माझ्या हातात घातल्या आणि म्हणाली, आता मला हात हलका वाटतोय.

मला वाटत नाही.

वीस दिवस उरले. शून्य.

१४ मार्च, शनिवार. संध्याकाळ.

आज गावातल्या हॉलमध्ये पोलिसांचा कार्यक्रम. चोर पकडला गेला. त्याच्याकडे सापडलेला मुद्देमाल लोकांना परत द्यायचा, आणि आदर्श सोसायटीचा सत्कारही त्यातच. मी पहिल्या रांगेत, शेजारी सर्जेराव.

समोर टेबलावर मखमल. मखमलीवर दागिने, प्रत्येकाला चिठ्ठी. डावीकडून तिसऱ्या माझ्या पाटल्या. चिठ्ठीवर 'फिर्यादी अज्ञात'. चार फुटांवर. माझ्या अम्मीच्या पाटल्यांवर अज्ञात.

साहेबांनी भाषणात सांगितलं, चोर कबूल झालाय, एका सोसायटीनं, नाव त्याला आठवेना, तर गेटवर बोर्डच लावला होता, कोण कधी बाहेर जाणार आणि चावी कुठं ठेवणार. म्हणाला, साहेब, आधी वाटलं पोलिसांनी सापळा लावलाय, म्हणून दोन-अडीच आठवडे गेलोच नाही. हॉल हसून हसून आडवा. मीही हसले. बरीच मोठ्यानं हसले असावे, कारण सर्जेराव हसायचे थांबून माझ्याकडे बघायला लागले.

नाव पुकारलं. प्रमाणपत्र घ्यायला गेले तेव्हा टेबलाला साडी घासली. प्रमाणपत्र घेतलं. पाटल्या तिथंच.

परत सर्जेरावांच्या जीपनं आलो. कॅनॉलच्या पुलावर ते म्हणाले, म्याडम, त्ये काय का आसंना, बोर्डावरचं अक्षर मातर लय सुरेख व्हतं. मग गेटपाशी गाडी थांबवून म्हणाले, त्या तिसऱ्या पाटल्या तुमच्या हायत न्हवं? आमच्या नातीच्या बारशालाबी घातल्या व्हत्या तुमी. आमी कुनाला बोलत न्हाय. पन आईच्या हायत म्हनला व्हता तुमी.

१६ मार्च.

काहीही झालं तरी शून्य, असं मी जानेवारीत लिहून ठेवलं आहे. आज ते पान तीनदा वाचलं.

पाच दिवस. फक्त पाच दिवस गप्प बसायचं. ईद झाली की घर माझं. मग सावकाश जाऊन पाटल्या मागता येतील. सर्जेरावांना विचारलं, तसं चालेल का? म्हणाले, तवर कुनी दुसरी बाई माझ्या म्हनून ग्येली तर?

१७ मार्च.

चौकीत गेले. प्रमाणपत्र रेश्माबाईंच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, हे परत घ्या, माझ्या पाटल्या द्या.

त्यांनी पेन खाली ठेवलं. सगळं ऐकलं. या वेळी खांदे हलले नाहीत. म्हणाल्या, सव्वा महिना का लपवलं मॅडम? काय सांगणार? शिस्त, पद्धत, समन्वय, काही सुचेना. म्हटलं, मला पुण्याला जायचं नाही.

त्यांनी फिर्याद लिहून घेतली. उशिराचं कारण या जागी लिहिलं : घरगुती. पाटल्या कोर्टाच्या हुकमानंतर मिळतील. जाताना म्हणाल्या, मॅडम, पुढच्या वेळी नुसता एक फोन करा, बोर्ड नको.

आरिफला मेसेज केला नाही. समोरासमोर सांगेन. कॉन्व्हेंटमध्ये चूक उभं राहून कबूल करायची पद्धत होती.

१९ मार्च. पाडवा.

दोन बॅगा भरल्या. कुणी बोलावलं नसताना कौसल्या आली. पुरणपोळी ओट्यावर ठेवली, भांडी घासली, मग साड्यांच्या घड्या घालायला बसली. शेवटी म्हणाली, भाभी, फोटो काढायचा तर काढायचा, पन निदान पदर तरी नीट करू द्यायचा व्हता.

दोन महिने मी हिला काय काय म्हणत होते. म्हटलं, चुकलंच माझं. हे वाक्य मी इतकं सरळ आधी कधी बोलले होते, आठवत नाही.

२१ मार्च. ईद.

आरिफ आणि सून अल्फिया अकराला आले. शीरखुर्मा दिला. वाट्या रिकाम्या होईपर्यंत थांबले. मग उभी राहिले आणि सगळं सांगितलं. चोरी झाली. माझ्याच घरी झाली. माझ्याच बोर्डामुळे झाली. तह तह असतो. बॅगा भरलेल्या आहेत.

आरिफनं अल्फियाकडे बघितलं. अल्फियानं वाटीकडे.

मग कळलं. अल्फियाच्या आईचा पाय मोडलाय. फेब्रुवारीपासून त्या वाकडला आहेत, माझ्या म्हणून ठरलेल्या खोलीत. निदान डिसेंबरपर्यंत. इरफानला आरिफनं तेव्हाच सांगून टाकलं होतं, सध्या राहू दे. मला सांगायचं राहून गेलं. म्हणाला, तुम्हाला इथंच आवडतं ना अम्मी, मग आता काय घाई?

म्हटलं, चोरी झाली आरिफ. घरात माणूस शिरला होता.

म्हणाला, कुलूप जरा चांगलं बसवून घ्या.

चारला दोघं निघाले. पुण्यात ट्रॅफिक लागतं.

२२ मार्च, रविवार. सकाळी १०.

बॅगा रिकाम्या केल्या. साड्या पुन्हा कपाटात. घर माझं आहे. मला इथंच राहायचं होतं, इथंच राहतेय. म्हणजे मी जिंकले.

जिंकले, असं मोठ्यानं म्हणून पाहिलं. नीट वाटेना म्हणून पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा आतून भांड्यांचा आवाज थांबला आणि कौसल्यानं विचारलं, भाभी, कोन आलंय का?

म्हटलं, कुणी नाही.